मक्षिकास्थाने मक्षिका

मुद्रितशोधकाला हिणवायचं असलं की छापखान्यात ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणत. मूळ पानावर माशी चिकटून मेली होती, म्हणून नक्कल करणाऱ्यानेही आपल्या पानावर त्याच जागी एक माशी मारून चिकटवली, अशी ती गोष्ट. माझी सगळी नोकरी गिरगावातल्या छापखान्यांत झाली. खिळ्यांच्या जुळणीपासून डीटीपीपर्यंत. हे वाक्य तिथे उठता-बसता ऐकलं. गंमत अशी की जुने मुद्रितशोधक नव्या माणसाला शिकवायचेही तेच. अर्थात गुंतू नको, अक्षर बघ. अर्थात गुंतलेला डोळा चुकीचं अक्षरही बरोबर वाचतो.

निवृत्तीनंतर ज्या कामात पडलो, त्यात ही शिकवण अजून रोज हाताशी लागते. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांतले ग्रंथ, म्हणजे त्यांची एकोणिसाव्या शतकात छापलेली इंग्रजी भाषांतरं, पानापानाने शुद्ध करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची, असं हे काम. पैसे मिळत नाहीत, वरिष्ठ कोणी नाही, आणि घाईही नाही. मुद्रितशोधकाला याहून वेगळा स्वर्ग नसावा.

मी ख्रिस्ती नाही आणि ग्रीकचा अभ्यासकही नाही. राहतो कल्याणला. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गावाचा जुना इतिहास चाळताना कॉस्मास हे नाव भेटलं. हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी. तांबड्या समुद्रात आणि त्यापलीकडे गलबतांवरून हिंडला आणि पुढे, सहाव्या शतकाच्या मध्याला, त्याने ‘ख्रिस्ती भूवर्णन’ नावाचा बारा भागांचा ग्रीक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात उल्लेख आहे की कल्लियाना नावाच्या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप आहे. अकराव्या भागात हेच गाव व्यापारी बंदरांच्या यादीत येतं. तिथून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी लहानपण गेलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. मूळ पुस्तक बघायचंच, असं ठरवलं.

त्याचं इंग्रजी भाषांतर जे. डब्ल्यू. मॅक्रिंडल यांनी केलं. ते पाटण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. ग्रीक आणि रोमन लेखकांनी भारताविषयी लिहिलेलं इंग्रजीत आणण्यात त्यांनी आयुष्य घातलं. हॅकलुट सोसायटीने हे भाषांतर १८९७ साली छापलं. त्याचं स्कॅन इंटरनेटवर सापडलं. पानांची छायाचित्रं ठीक होती; पण त्याखाली यंत्राने वाचून काढलेला मजकूर बघून माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला.

छायाचित्रातून अक्षर ओळखणाऱ्या यंत्राचे, ज्याला सगळे ओसीआर म्हणतात, स्वतःचे असे चकवे असतात. इंग्रजीतल्या ‘द’मधला एच फुटतो आणि त्याचे एल आणि आय होतात. अशी चूक लगेच दिसते, कारण तसा शब्दच नाही. खरा त्रास असतो तो शब्दकोशात सापडणाऱ्या चुकांचा. ‘अँड’चा ‘ॲरिड’ होतो, म्हणजे ‘आणि’च्या जागी ‘रखरखीत’. ‘ही’चा ‘बी’ होतो. आर आणि एन जवळ आले की त्यांचा एम होतो, आणि ‘मॉडर्न’ शब्द ‘मोडेम’ म्हणून अवतरतो. स्पेलिंग तपासणारी प्रणाली या सगळ्यांना बिनबोभाट आत सोडते. देवनागरीत आम्ही घ-ध आणि भ-म यांच्या पाठी आयुष्यभर लागलो, तोच हा खेळ. फक्त लिपी बदलली.

मी हे काम करतो त्या विकिस्रोत या संकेतस्थळावर त्याची एक शिस्त आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे पानाचं छायाचित्र. कोणी न तपासलेलं पान लाल असतं, एकाने ओळ न ओळ ताडून पाहिलं की पिवळं होतं आणि दुसऱ्या कोणी पुन्हा तपासलं की हिरवं. आपणच पिवळं केलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. मूळ पुस्तकातले पानांचे आकडे जपायचे, कारण शंभर वर्षांतल्या अभ्यासकांनी संदर्भ दिलेत ते त्याच आकड्यांनी. तळटीप ज्या शब्दावर असेल त्याच शब्दाला बांधायची. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडायचा, पण मुळातच जोडचिन्ह असेल तर ठेवायचं. आणि ते मुळातलं की जुळाऱ्याच्या सोयीचं, हे त्याच पुस्तकात दुसरीकडे तो शब्द कसा छापलाय ते शोधून ठरवायचं. छापील चूक दिसली तर सुधारायची नाही. ती तशीच ठेवून शेजारी खूण करायची.

इंग्रजीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तळटिपांमध्ये ग्रीक आलं आणि हात थांबले. ग्रीक दिसलं की इंग्रजीवर बेतलेलं यंत्र त्याला इंग्रजी समजून वाचतं. न्यू हे अक्षर व्हीसारखं दिसतं म्हणून व्ही, ऱ्हो पीसारखा म्हणून पी. तेव्हा ते पुसून टाकून एकेक अक्षर हाताने बसवावं लागतं. जुन्या ग्रीकमध्ये स्वरांच्या डोक्यावर तीन प्रकारचे आघात, दोन प्रकारचे श्वास आणि काहींच्या पायाखाली एक बारकी आयोटा. एकाच अल्फाला तीन चिन्हं एकदम लागू शकतात. ही चिन्हं लागलेल्या अक्षरांसाठी युनिकोडमध्ये एक वेगळा कप्पाच आहे आणि त्यात दोनशेहून जास्त अक्षरं आहेत. मी वर्णमाला शिकलो ती केवळ आकार ओळखण्यापुरती. शब्दाचा अर्थ विचारलात तर सांगता येणार नाही. पण श्वास उलटा लागला असेल तर ते मी भिंग न लावता सांगतो.

श्रीलिपीच्या काळात ज्यांनी डीटीपी केलं त्यांना यातलं एक दुखणं लगेच कळेल. एका फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी, हे आपण वर्षानुवर्षं भोगलं. ग्रीकवाल्यांनीही भोगलं. युनिकोड आल्यावर सुटका झाली, तरी एक खोडी उरलीच. साध्या आघाताचा अल्फा युनिकोडमध्ये दोन ठिकाणी आहे, आधुनिक ग्रीकच्या कप्प्यात एक आणि प्राचीन ग्रीकच्या कप्प्यात एक. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण शोधताना यंत्राने दोन्हींना एक मानलं नाही, तर असलेला शब्दही सापडत नाही. मराठीतला ‘ऱ’ही असा दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा ‘र’ला खाली नुक्ता लावून. हस्तलिखितातलं अक्षर पुसट झालं तर निदान दिसतं तरी. इथे अक्षर लख्ख दिसतं आणि तरीही हरवलेलं असतं.

ही भाषांतरं एवढी जुनी का निवडता, असं पुष्कळजण विचारतात. कारण सरळ आहे, कॉपीराइट. ग्रंथ दीड हजार वर्षांचा असला तरी भाषांतरावर आणि संपादित पाठावर करणाऱ्याचा हक्क असतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. मॅक्रिंडल १९१३ साली गेले, त्यामुळे त्यांचं पुस्तक मोकळं आहे. कॉस्मासची सर्वांत चांगली आवृत्ती वांडा वोल्स्का-कोन्यूस या विदुषींनी १९६८ ते १९७३ या काळात फ्रान्समध्ये तीन खंडांत काढली. तिला आम्ही हात लावू शकत नाही. म्हणजे जगभर मोफत वाचलं जातं ते जुनं, आणि अभ्यासकांनी पुढे सुधारलेलं राहतं ग्रंथालयांच्या दाराआड. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी मी त्याच्या नंतर कोणत्या आवृत्त्या आल्या ते नमूद करतो. वाचणाऱ्याला आपल्या हातात काय आहे हे तरी कळावं.

छापखान्यातला माणूस म्हणून या धांडोळ्यात मला सगळ्यांत आवडलेलं पात्र म्हणजे फ्रान्सचे पाद्री मीन्य. पॅरिसच्या वेशीबाहेर त्यांनी प्रचंड छापखाना थाटला आणि प्राचीन ख्रिस्ती लेखकांचं लॅटिन वाङ्मय २१७ खंडांत, ग्रीक १६१ खंडांत छापून काढलं. तेही दोन दशकांच्या आसपास. नवं संशोधन त्यात थोडंच. मिळेल ती जुनी छापील आवृत्ती उचलायची आणि पुन्हा जुळवायची. कॉस्मासही त्यांच्या ग्रीक मालिकेच्या अठ्ठ्याऐंशीव्या खंडात असाच जुन्या आवृत्तीवरून आला. १८६८ च्या फेब्रुवारीत एका रात्री छापखाना पेटला आणि छपाईचे साचे वितळून गेले. पण खंड तोपर्यंत गावोगावच्या ग्रंथालयांत पोचले होते. विद्वान आजही मीन्यच्या छपाईला नावं ठेवतात आणि संदर्भ मात्र मीन्यच्या रकान्यांचेच देतात.

आता कॉस्मासकडे. त्याच्या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा की पृथ्वी सपाट आहे आणि विश्व एका लांबट पेटीसारखं आहे. मोशेने वाळवंटात उभारलेला पवित्र तंबू म्हणजे त्याचाच नमुना. पृथ्वी गोल मानणाऱ्यांवर तो पानंच्या पानं तुटून पडतो. ही पानं तपासताना माझा डोळा अर्थात गुंतण्याची भीती मुळीच नव्हती. पण हाच माणूस प्राण्यांविषयी लिहू लागला की वेगळाच होतो. एकशिंग्या प्राण्याचं चित्र काढतो आणि कबूल करतो की मी हा पाहिलेला नाही, इथिओपियाच्या राजवाड्यात त्याचे चार पितळी पुतळे पाहिले, त्यावरून काढलं. पाणघोडा पाहिला नाही, पण त्याचे दात माझ्याकडे होते आणि मी ते विकले. पाहिलेलं, ऐकलेलं आणि खाल्लेलं, सगळ्याचा हिशेब वेगवेगळा. व्यापाऱ्याची वही आहे ती.

दुसऱ्या भागातला एक प्रसंग मी ताडून पाहिला तेव्हापासून या कामाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. साधारण ५२५ सालची गोष्ट. आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावर आडुलिस नावाचं बंदर होतं. गावाबाहेर पांढऱ्या संगमरवराचं एक आसन आणि त्याच्या मागे एक काळी शिळा. दोन्हींवर ग्रीक लेख. येमेनवर स्वारीच्या तयारीत असलेल्या इथिओपियातल्या अक्सुम राज्याच्या राजाला त्या लेखांची नक्कल हवी होती. आडुलिसच्या अधिकाऱ्याने ते काम कॉस्मासवर आणि मेनास नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्यावर सोपवलं. दोघांनी नक्कल केली, एक प्रत अधिकाऱ्याला दिली आणि एक स्वतःजवळ ठेवली. शिळेचा खालचा कोपरा फुटलेला होता. कॉस्मास तसं लिहितो आणि पुढे जातो.

शिळेवरचा लेख इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. आसनावरचा लेख कॉस्मासने त्याचाच उरलेला भाग समजून घेतला. प्रत्यक्षात तो पुष्कळ नंतरच्या अक्सुमच्या एका राजाचा होता. कोणकोणते प्रदेश जिंकले ते त्यात राजा स्वतःच्या तोंडाने सांगतो. शिळेवर टॉलेमी आशियातल्या मोहिमा सांगतो, आसनावरचा राजा इथिओपियाच्या डोंगरातल्या जमातींची नावं घेतो. दोन राजे, दोन काळ. कॉस्मासच्या हे लक्षात आलं नाही. पण आपल्याला जे कळलं त्याच्याशी जुळावं म्हणून त्याने नावं बदलली किंवा ओळी गाळल्या असं दिसत नाही. म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना हे लेख दोन आहेत हे ओळखता आलं. ते आसन आणि ती शिळा आज कुठेही नाहीत. कॉस्मासने उतरवून घेतलेला मजकूर एवढाच त्यांचा पुरावा.

आसनावरच्या लेखात एक जागा आहे. नाईलपलीकडच्या समेने नावाच्या डोंगराळ मुलखात राजा पोचतो, आणि तिथे बारा महिने गारठा, गारा आणि माणूस गुडघ्यापर्यंत रुतेल इतका बर्फ. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पानाचं छायाचित्र मोठं करून बघितलं. आफ्रिकेत गुडघाभर बर्फ? यंत्राने काहीतरी भलतंच वाचलं असणार. पण छापील शब्द स्वच्छ होता. इथिओपियातल्या सिमियन पर्वताचं सर्वोच्च शिखर साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि तिथे बर्फ पडतो, हे मी नंतर नकाशांच्या पुस्तकात वाचलं. पृथ्वीला पेटी समजणारा तो व्यापारी इथेही अडखळला नाही. त्याने बर्फाच्या जागी बर्फ लिहिला.

असाच आणखी एक किस्सा मुद्रितशोधकांच्या बाजूचा आहे. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या ॲरिस्टायडीसने रोमन बादशहाला उद्देशून ख्रिस्ती धर्माचं समर्थन लिहिलं होतं. ते ग्रीकमध्ये हरवलंच आहे असं धरून चाललेले लोक होते. १८८९ साली रेंडेल हॅरिस यांना सिनाई पर्वतावरच्या सेंट कॅथरीनच्या मठात त्याचं सिरियाक भाषांतर सापडलं. त्यांच्या इंग्रजी तर्जुम्याची मुद्रितं आर्मिटेज रॉबिन्सन यांनी वाचली. थोड्याच दिवसांनी रॉबिन्सन व्हिएन्नात दुसऱ्याच कामासाठी जुनी लॅटिन हस्तलिखितं चाळत होते. ‘बार्लाम आणि योसाफात’ या कथेत त्यांना ओळखीची वाक्यं भेटली. कोणा लेखकाने ही कथा ग्रीकमध्ये लिहिताना ॲरिस्टायडीसचं ते समर्थन उचलून आपल्या कथेतल्या पात्राच्या तोंडी घातलं होतं. म्हणजे शतकानुशतकं लोक ते वाचत होते, आपण काय वाचतोय हे न कळता. आणि ही कथा मुळात कुणाची? राजवाडा सोडून संन्यास घेणाऱ्या राजपुत्राची. गौतम बुद्धाचं चरित्र इराणी, अरबी, जॉर्जियन असं हातोहात युरोपात पोचलं, बोधिसत्त्वाचा योसाफात झाला आणि त्याला संतपदही मिळालं. हॅरिस आणि रॉबिन्सन यांचं पुस्तक १८९१ साली निघालं. मुद्रितं वाचलेल्या माणसाच्या डोक्यात वाक्यं राहतात, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

नुसतं उतरवून घेतल्यामुळे ग्रंथ वाचल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं; १६४९ आणि १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही छापील प्रत हाती उरलेली नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे. त्यांच्या प्रतींवरून तो १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला. त्या नकलाकारांतल्या किती जणांना स्टीफन्सचे सगळे श्लेष कळले असतील? त्यांनी उतरवलं, एवढंच खरं.

अलीकडे माझ्या भाच्याने एक नवं साधन दाखवलं. पानाचं छायाचित्र दिलं की ते क्षणात स्वच्छ, बिनचूक दिसणारं इंग्रजी काढून देतं. मी त्याला मुद्दाम आडुलिसचं, कोपरा फाटलेलं एक पान दिलं. जुन्या ओसीआरने फाटलेल्या जागी फुल्या आणि टिंबं दिली असती. याने तिथल्या दोन ओळी मनाने पूर्ण केल्या. वाक्यरचना मॅक्रिंडलची शोभेल अशी, आणि जमातींची दोन अनोळखी नावं बदलून ओळखीची केलेली. भाच्याला ते फारच आवडलं. मला धडकी भरली. जुनं यंत्र चुकलं की कचरा करायचं आणि कचरा डोळ्यात सलतो. हे यंत्र चुकतं तेव्हा अर्थ लावतं, आणि त्यातली चूक पकडायला पान शेजारी घेऊन अक्षर न अक्षर ताडण्यावाचून गत्यंतर नाही. तो वेळ वाचावा म्हणूनच तर साधन आणलं होतं! मी ते आता वापरतो, पण फक्त पहिल्या खर्ड्यासाठी, आणि फाटक्या पानांना तर नाहीच.

सध्या ॲरिस्टायडीसचं १८९१चं पुस्तक हातात आहे आणि त्यातल्या सिरियाक मजकुराला माझी आकार ओळखण्याची विद्या पुरत नाही. उजवीकडून डावीकडे वाहणारी, अक्षरं एकमेकांत गुंफलेली लिपी ती. केरळातल्या चर्चमध्ये ही भाषा अजून प्रार्थनेत आहे, म्हणून शोध घेतला आणि कोट्टायमचे एक निवृत्त शिक्षक जोडीला मिळाले. ते सिरियाक बघतात, मी इंग्रजी. आमचं पटतं, पण एका गोष्टीवरून सारखी खडाखडी होते. त्यांना भाषा येते, त्यामुळे छापील शब्द त्यांना कानाला खटकतो. “हे असं नसणारच, प्रार्थनेत आम्ही वेगळं म्हणतो,” असं ते फोनवर सांगतात आणि त्यांचं म्हणणं बहुधा बरोबर असतं. मी म्हणतो, “सर, तुमचा शब्द टिपेत घालू, खाली तुमची खूण ठेवू, पण वर जे छापलंय तेच राहू दे.” मागच्या आठवड्यात एका शब्दावर दोघांचाही आवाज चढला. शेवटी छापलेला शब्द वर राहिला आणि त्यांची दुरुस्ती टिपेत गेली. आमच्यापैकी कोण बरोबर, ते तिसऱ्या माणसाला ठरवता यावं एवढी सोय आम्ही करून ठेवली आहे. आज संध्याकाळी पुढच्या पानासाठी त्यांचा फोन यायचा आहे.